शिदोरी पन्नास दिवसांची

एखादी व्यक्ती स्कीवर एकटीच दक्षिण ध्रुवापर्यंत गेली, असे ऐकले की लोक थंडीबद्दल विचारतात, पण त्याच्याही आधी विचारतात ते जेवणाबद्दल. पन्नास दिवस ती खाते काय, शिजवते कशावर आणि पाणी कुठून आणते? हा प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवतो. अशा मोहिमेचे यशापयश जितके पायांवर ठरते, तितकेच तंबूच्या ओसरीतल्या स्टोव्हवर आणि निघण्यापूर्वी भरलेल्या पिशव्यांवर ठरते.

१. वाट आणि वाटसरू

अंटार्क्टिकाचे नाव मराठी वाचकाला माहीत असते ते बहुधा ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या भारतीय तळांमुळे. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या तळांचा कारभार पाहते. तिथे स्वयंपाकघर असते, साठा असतो, जेवायला सोबत असते. एकट्या स्कीवीराच्या वाट्याला यातले काहीच येत नाही.

बहुतेक जण दक्षिण चिलीतील पुंता अरेनास या शहरातून विमानाने युनियन ग्लेशियर येथील उन्हाळी तळावर उतरतात. तिथून छोटे विमान त्यांना किनाऱ्याजवळच्या हर्क्युलिस इनलेट या जागी सोडते. येथून ध्रुव सुमारे १,१३० किलोमीटर दूर आहे आणि वाट जवळजवळ सगळी चढाची. ध्रुवाची उंची समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर असून त्यातला बहुतेक भाग बर्फाचाच आहे. मोसम नोव्हेंबर ते जानेवारीचा, म्हणजे तिथला उन्हाळा. या काळात सूर्य मावळत नाही आणि तापमान साधारण उणे दहा ते उणे तीस अंशांच्या दरम्यान राहते. किनारा मागे पडला की पेंग्विन नाहीत, सील नाहीत आणि जाळायला काटकीही नाही. जे खायचे आणि जाळायचे ते सगळे स्लेजवर लादून, कमरेच्या पट्ट्याने ओढत न्यायचे. कुत्र्यांची मदत घेता येत नाही, कारण १९९४ पासून अंटार्क्टिकात कुत्री नेण्यास बंदी आहे.

नॉर्वेचे एर्लिंग कागे ७ जानेवारी १९९३ रोजी एकट्याने आणि वाटेत कोणतीही रसद न घेता ध्रुवावर पोहोचले. त्यांना पन्नास दिवस लागले. पुढच्याच वर्षी, २४ डिसेंबर १९९४ रोजी, नॉर्वेच्याच लिव्ह आर्नेसन एकट्याने ध्रुवावर जाणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांनाही पन्नासच दिवस लागले. भारताच्या रीना कौशल धर्मशक्तू २९ डिसेंबर २००९ रोजी स्कीवर ध्रुवापर्यंत गेल्या, पण त्या महिलांच्या तुकडीतून. तुकडी आणि एकटेपणा यांतला फरक केवळ मनाचा नसून वजनाचाही असतो. दोघे असतील तर एक तंबू, एक स्टोव्ह, एक फावडे आणि दुरुस्तीची एक पेटी दोघांत वाटली जाते. एकट्याला हे सारे स्वतःच ओढावे लागते.

२. एका किलोत किती ऊर्जा?

अन्नातली ऊर्जा किलोकॅलरीत मोजतात. रोजच्या बोलण्यात ज्याला आपण नुसते ‘कॅलरी’ म्हणतो, ती हीच. बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला दोन ते अडीच हजार पुरतात. शंभर किलोंची स्लेज आठ-दहा तास ओढणाऱ्याला सहा-सात हजार लागतात, कधी त्याहूनही बरेच जास्त. १९९२-९३ मध्ये रॅनल्फ फाइन्स आणि डॉ. माइक स्ट्राउड या दोन ब्रिटिशांनी अंटार्क्टिकावर स्लेज ओढली, तेव्हा स्ट्राउड यांनी दोघांच्या शरीराचा ऊर्जाखर्च शास्त्रीय पद्धतीने मोजला. चढाच्या दिवसांत तो दहा हजारांच्या वर गेला होता. मोहिमेअखेर दोघांचेही वजन वीस किलोंहून अधिक उतरले.

मग तितके खाल्ले की झाले, असे वाटेल. अडचण अशी की अन्नालाही वजन असते आणि ते ओढायला पुन्हा ऊर्जा लागते. म्हणून इथे ‘किती खायचे’ याआधी ‘एका ग्रॅममध्ये किती मिळते’ हे पाहावे लागते. कर्बोदके आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममधून सुमारे चार किलोकॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांमधून नऊ. पाण्यातून शून्य.

रोज ५,५०० किलोकॅलरी घ्यायच्या आहेत असे धरू. कोरड्या तांदळाच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० किलोकॅलरी असतात. केवळ तांदळावर भागवायचे तर दिवसाला १,५७० ग्रॅम, म्हणजे पन्नास दिवसांचे साडेअठ्ठ्याहत्तर किलो. शिवाय तो शिजवायला लागणारे इंधन वेगळे. निव्वळ तूप घेतले तर दिवसाला ६१० ग्रॅम पुरतात, पण तुपावर जगणे कोणाच्याही पोटाला झेपणार नाही आणि कष्ट करणाऱ्या स्नायूंना कर्बोदकेही हवीच असतात. सुवर्णमध्य असा निघतो की निम्मी किंवा त्याहून थोडी जास्त ऊर्जा स्निग्धांतून, उरलेली धान्य, साखर आणि प्रथिनांतून घ्यायची. असे मिश्रण ग्रॅमला पाच-सव्वापाच किलोकॅलरी देते. दिवसाची शिदोरी सुमारे १.१ किलोंवर येते आणि पन्नास दिवसांची ५५ किलोंवर. तांदळाच्या हिशेबापेक्षा हे ओझे तेवीस किलोंनी हलके आहे.

एवढे करूनही तूट राहतेच. रोज ७,००० खर्च आणि ५,५०० जमा, म्हणजे १,५०० ची तूट. पन्नास दिवसांत ती ७५,००० होते. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात, म्हणजे दहाएक किलो वजन उतरणार हे निघण्याआधीच ठरलेले असते. त्यामुळे अनेक जण आधीचे काही महिने मुद्दाम खाऊन वजन वाढवतात. अंगावरच्या चरबीचे ओझे स्लेजवर येत नाही, हा त्यातला व्यवहार.

जुन्या काळी हे गणित चुकत असे. १९११-१२ मध्ये कॅप्टन स्कॉट यांच्या ध्रुवीय तुकडीला पठारावर रोज सुमारे एक किलो शिधा मिळे. त्यात बिस्किटे, पेमिकन (सुकवलेले मांस आणि चरबी यांचा गोळा), लोणी, साखर, कोको आणि चहा असे. त्यातून साडेचार हजारांच्या आसपास किलोकॅलरी मिळत आणि काम मात्र स्लेज ओढण्याचे होते.

३. पिशव्या भरण्याचे काम

मोहिमेचा स्वयंपाक खरे तर पुंता अरेनासमधल्या भाड्याच्या खोलीत होतो. जमिनीवर वर्तमानपत्रे पसरतात, वजनकाटा मांडतात आणि दिवसाला एक याप्रमाणे पन्नास-पंचावन्न पिशव्या भरतात. प्रत्येक वडीचे, प्रत्येक बिस्किटाचे वेष्टन काढून टाकतात. त्याने वजन वाचते, कचरा कमी होतो आणि मुख्य म्हणजे जाड हातमोजे घातलेल्या हातांनी वेष्टन सोडवण्याची वेळ येत नाही. चॉकलेट, चीज आणि सलामी यांचे घासाएवढे तुकडे आधीच करून ठेवावे लागतात. उणे पंचवीस अंशांत अख्खी वडी दाताने तोडायला गेले तर वडीऐवजी दातातले सिमेंट निघते, आणि दाताचा डॉक्टर हजारभर किलोमीटर दूर असतो.

कोणता पदार्थ गोठल्यावर खाण्याजोगा राहतो, हे त्यातल्या पाण्यावर ठरते. ताजे फळ, पाव, शिजवलेला भात यांत पाणी भरपूर असल्याने ते दगड होतात. काजू, बदाम, अक्रोड यांत पाणी जवळजवळ नसते, म्हणून ते थंडीतही चावता येतात. स्निग्धांश जास्त असलेले चॉकलेट कडक होते, पण लहान तुकडा तोंडात धरला की विरघळतो. तोवर मात्र त्याला चव नसते.

एका दिवसाची पिशवी साधारण अशी असते. सकाळी ओट्सची लापशी, त्यात दुधाची भुकटी आणि लोण्याचा किंवा तुपाचा मोठा चमचा: १८० ग्रॅम, ९०० किलोकॅलरी. चालताना खायला चॉकलेट, सुका मेवा, सलामी, चीज आणि बिस्किटे यांची सरमिसळ: ५०० ग्रॅम, २,७००. रात्री गोठवून सुकवलेले तयार जेवण, वरून लोणी किंवा तेल: २६० ग्रॅम, १,४००. गरम चॉकलेट, साखरेचे आणि प्रथिनांचे पेय: १२० ग्रॅम, ५००. बेरीज ५,५००.

गोठवून सुकवणे म्हणजे शिजलेले अन्न गोठवायचे आणि निर्वात पेटीत ठेवायचे. तिथे बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होऊन निघून जाते. अन्न हलके राहते आणि त्याचा पोतही बराच टिकतो. उकळते पाणी ओतून पिशवी दहा मिनिटे उबेत ठेवली की भात-रस्सा तयार होतो. ध्रुवीय पठारावर हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळते. तिथे कच्ची डाळ-तांदळाची खिचडी लावली तर इंधन आधी संपेल.

४. पाणी, म्हणजे इंधन

अंटार्क्टिकात पृथ्वीवरचे बहुतेक गोडे पाणी साठलेले आहे, पण त्यातला एक पेलाही पिण्याजोगा मिळत नाही. हवा कमालीची कोरडी, त्यात दिवसभराची धाप. दिवसाला पाच लिटर पाणी लागते. बर्फ तसाच तोंडात टाकला तर तो वितळवण्याची उष्णता शरीरातून जाते आणि तहानही भागत नाही.

पाच लिटरला किती इंधन लागेल? उणे २५ अंशांचा एक किलो बर्फ शून्यापर्यंत आणायला सुमारे १२ किलोकॅलरी लागतात, वितळवायला ८० आणि उकळीपर्यंत न्यायला आणखी १००. म्हणजे लिटरमागे १९२, पाच लिटरला ९६०. पांढऱ्या पेट्रोलसारख्या स्टोव्हच्या इंधनाच्या एका लिटरमध्ये सुमारे ७,४०० किलोकॅलरी असतात, पण निम्मी उष्णता भांड्याबाहेर जाते असे धरले तर हाती ३,७०० उरतात. भागाकार केला की उत्तर येते ०.२६ लिटर. एकटे प्रवासी प्रत्यक्षातही दिवसाला पाव लिटरच्या आसपास इंधन धरतात. पन्नास दिवसांसाठी, थोडे हाताशी राखून, १३-१४ लिटर, म्हणजे सुमारे दहा किलो. हे संपले तर स्लेजवर अन्न असूनही माणूस तहानेने संकटात सापडतो. स्कॉट यांच्या परतीच्या वाटेवर साठवून ठेवलेल्या रॉकेलच्या डब्यांत तेल कमी भरले, कारण झाकणाखालच्या चामड्याच्या चकत्या थंडीने खराब झाल्या होत्या. त्याच मोसमात ध्रुवावर गेलेल्या नॉर्वेच्या आमुन्सेन यांनी आपल्या डब्यांना डाख दिला होता.

स्टोव्हची जात मराठी घरांना अनोळखी नाही. स्वीडनमध्ये १८९२ मध्ये बाजारात आलेला ‘प्रायमस’ हाच ध्रुवप्रवासी नान्सेन आणि आमुन्सेन यांच्या तंबूत होता आणि हाच पुढे आपल्याकडे चाळीचाळीतून फुरफुरला. आजचा ध्रुवीय स्टोव्ह त्याचाच हलका वंशज आहे. आधी काकडा पेटवून बर्नर तापवतात, तसेच इथे थोडे इंधन वाटीत सोडून पेटवायचे, पिवळी ज्योत विझत आली की झडप उघडायची, मग निळी ज्योत धरते. घाई केली तर भडका उडतो. नायलॉनच्या तंबूत भडका म्हणजे घर गेले. इंधन उघड्या बोटांवर सांडले तरी घात होतो. ते गोठत नाही, हवेइतकेच थंड असते आणि चटकन उडताना कातडी क्षणात गोठवते. तंबूची हवा खेळती ठेवावी लागते, नाहीतर अर्धवट ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो.

भांड्यात नुसता कोरडा बर्फ घालून आच दिली तर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. त्यासाठी आदल्या रात्रीचे घोटभर पाणी तळाशी घालायला राखून ठेवतात. ते पाणी थर्मासमध्ये ठेवायला विसरले की सकाळ बिघडते.

५. दिवस कसा जातो

सूर्य चोवीस तास डोक्यावर असल्याने दिवस घड्याळाने आखावा लागतो. साडेपाच-सहाला उठायचे. स्टोव्ह, बर्फ, लापशी, थर्मास भरणे आणि तंबू आवरणे यांत दोन तास सहज जातात. मग चाल सुरू. साधारण पन्नास मिनिटे चालायचे, सात-आठ मिनिटे थांबायचे, असे आठ ते दहा टप्पे. सुरुवातीला स्लेज जड आणि चढ उभा, त्यामुळे दिवसाला बारा-पंधरा किलोमीटरच होतात. ओझे घटत जाते तसे वीस-पंचवीस होऊ लागतात. वाऱ्याने कोरलेले बर्फाचे कठीण कंगोरे, ज्यांना ‘सास्त्रुगी’ म्हणतात, ते वाटेत आले की हिशेब कोलमडतो. कंगोरे कमरेइतके उंच असू शकतात आणि स्लेज त्यांत अडकते, उलटते.

विश्रांतीचा क्रम ठरलेला असतो. थांबल्याबरोबर पिसांचे जाड जाकीट चढवायचे, स्लेजवर वाऱ्याकडे पाठ करून बसायचे, मूठभर खाऊ तोंडात टाकायचा, गरम पेय प्यायचे, जाकीट काढून निघायचे. दहा मिनिटांहून जास्त बसले की बोटे गार पडतात आणि पुढचा अर्धा तास ती परत मिळवण्यात जातो. चालताना उलटा धोका असतो, तो घामाचा. घामाने कपडे ओले झाले तर थांबताच त्यांचा बर्फ होतो. म्हणून चालताना थोडी थंडी वाजत राहील इतकेच कपडे अंगावर ठेवतात.

दिशा मुख्यतः होकायंत्रावर धरतात. ते छातीपुढच्या चौकटीवर बसवलेले असते. ऊन असेल तर सावली उपयोगी पडते. स्थानिक दुपारी बाराला सूर्य बरोबर उत्तरेला, म्हणजे पाठीशी असतो आणि सावली थेट ध्रुवाकडे पडते. पुढे दर तासाला ती पंधरा अंशांनी सरकते. जीपीएस बॅटरी वाचवण्यासाठी दिवसातून एक-दोनदाच पाहतात. धुक्यासारख्या पांढऱ्या उजेडात आकाश आणि जमीन एक होते तेव्हा सावली नसते, क्षितिज नसते आणि पायाखालचा खड्डाही दिसत नाही. मग तासन्‌तास होकायंत्राच्या काट्यावर नजर लावून चालायचे.

संध्याकाळी तंबू उभारताना एकट्याची खरी परीक्षा होते. तंबू उलगडण्याआधी त्याचे एक टोक स्लेजला बांधायचे, हा नियम कितीही दमले तरी मोडत नाहीत. वाऱ्याने तंबू उडवला तर धरायला दुसरे कोणी नसते. काड्या बऱ्याच अंशी आतच ओवून ठेवलेल्या असतात. कडेने बर्फ लोटून झाला की ओसरीत पाय सोडायला खड्डा खणतात, सकाळसाठी बर्फाची पिशवी दाराशी भरून ठेवतात आणि मग आत शिरतात. ऊन असेल तर बाहेर उणे वीस असतानाही तंबूत कपडे वाळण्याइतकी ऊब असते. मोजे, हातमोजे आणि बुटांचे अस्तर छताखालच्या दोरीवर टांगतात. झोपायच्या पिशवीत घामाची वाफ शिरून गोठते आणि पिशवी दिवसागणिक जड होते. ते टाळायला काही जण आत वाफ अडवणारे अस्तर घालून त्यात झोपतात. सुख म्हणावे असे ते नव्हे.

६. शरीर आणि शुश्रूषा

सोबत असेल तर नाकावरचा पांढरा डाग दुसरा माणूस पाहतो. हिमदंशाची सुरुवात अशीच होते आणि ज्याला होतो त्याला ती जाणवत नाही. एकटा माणूस छोटा आरसा बाळगतो. मांड्यांच्या पुढच्या बाजूला वारा आणि थंडी यांनी फोड येऊन जखमा होतात, त्याला इंग्रजी बोलणारे प्रवासी ‘पोलर थाय’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे मांड्यांवर उबदार पदर शिवून घेणे. ओठ उन्हाने फुटतात आणि गॉगल काढून चालले तर डोळ्यांना बर्फांधळेपणा येतो. आंघोळ नाही, कपडे बदलणे जवळजवळ नाही. मात्र जंतूंना वाढायला तिथे फारशी संधी नसल्याने हे वाटते तितके असह्य होत नाही.

शौचाचा प्रश्न लोक संकोचाने विचारतात. रात्री लघवीसाठी बाटली वापरतात. सकाळी बाकीचे काम बाहेर आडोशाला, शक्य तितक्या लवकर उरकतात. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण संरक्षणाचा करार १९९१ मध्ये माद्रिद येथे झाला. त्यानुसार कचरा तिथे टाकता येत नाही, तो स्लेजवर परत आणावा लागतो. ध्रुवाजवळच्या टप्प्यात विष्ठाही पिशवीत भरून न्यावी लागते.

७. फोन आणि एकटेपणा

रोज ठरलेल्या वेळी उपग्रह फोनवरून तळाला आपले ठिकाण आणि प्रकृती कळवणे आज बंधनकारक आहे. फोन आला नाही तर शोधाची तयारी सुरू होते. कागे यांनी १९९२ मध्ये रेडिओच्या बॅटऱ्या विमानातच टाकून दिल्या होत्या. आज कोणतीही व्यवस्थापक कंपनी हे चालवून घेणार नाही, आणि ते योग्यच आहे. फोन सौर पट्ट्यांवर भरतात आणि बॅटऱ्या अंगाशी ठेवतात, कारण थंडीत त्या लवकर मान टाकतात. चालताना अनेक जण गाणी किंवा पुस्तकांच्या ध्वनिफिती ऐकतात.

२०१२ च्या जानेवारीत ब्रिटनच्या फेलिसिटी ॲस्टन यांनी १,७४४ किलोमीटर चालून ५९ दिवसांत एकटीने खंड ओलांडला. त्यांनी वाटेत दोनदा रसद घेतली होती. पंजाबी कुटुंबातल्या, इंग्लंडच्या डर्बी येथे वाढलेल्या हरप्रीत चंदी ३ जानेवारी २०२२ रोजी चाळीस दिवसांत ध्रुवावर पोहोचल्या. पुढच्या मोसमात खंड ओलांडण्याच्या प्रयत्नात त्या सत्तर दिवसांत १,४८५ किलोमीटर चालल्या आणि ठरलेल्या टोकाआधी थांबल्या. इतक्या दिवसांची शिदोरी एका स्लेजवर मावणे हीच मोठी मर्यादा आहे. दिवस वाढवले की अन्न वाढते, अन्न वाढले की वेग घटतो आणि वेग घटला की दिवस आणखी वाढतात.

या चक्राची किंमत कधी जिवाने मोजावी लागते. ब्रिटनचे हेन्री वर्स्ली यांनी एकट्याने, रसद न घेता खंड ओलांडण्याचा प्रयत्न केला. सत्तरहून अधिक दिवसांनंतर, शेवट पन्नासएक किलोमीटरवर असताना, थकवा आणि पोटदुखीने त्यांना तंबूतून हलता येईना. विमानाने त्यांना पुंता अरेनासला नेले, पण पोटातील आवरणाच्या जंतुसंसर्गाने २४ जानेवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

८. पोहोचल्यावर

ध्रुवावर अमेरिकेचे आमुन्सेन-स्कॉट संशोधन केंद्र आहे, पण त्याच्या स्वयंपाकघरावर प्रवाशाचा हक्क नसतो. नेण्या-आणण्याची व्यवस्था करणाऱ्या कंपनीच्या छोट्या छावणीत तंबू आणि गरम जेवण मिळते. हवामान साधले की स्कीवर उतरणारे विमान माणूस, स्लेज आणि कचऱ्याची पिशवी घेऊन युनियन ग्लेशियरला परतते. तिथे चिलीहून विमानाने आलेली फळे आणि भाजीपाला असतो, आणि पन्नास दिवस कोरडे-तुपकट खाल्लेला माणूस मांसाहारी असला तरी बहुधा आधी त्याकडेच वळतो. भूक मात्र पुढे कित्येक आठवडे शमत नाही. ती भागवताना वजन भरून येते, पण स्नायूंपेक्षा चरबी आधी परतते. त्यामुळे घरी आल्यावर खाण्यासोबत हळूहळू व्यायामही पुन्हा सुरू करावा लागतो.